कोमा

घाबरू नका, हा मेडिकलचा विषय नाही! जपानच्या विद्यापीठांत साधारण ९० मिनिटांच्या एका तासाला 'कोमा' म्हणतात. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या कितीतरी परदेशी शिक्षकांचा पगार अशा कोमांवरच ठरतो.

मी कॉन्व्हेंटमधली. 'तुला काय गं, फॉरेनला जाऊन इंग्रजी शिकवशील,' असं आत्या नेहमी म्हणते. मलाही ते खरं वाटायचं. पण तिथले पार्ट-टाइम शिक्षक सकाळी एका विद्यापीठात, तर दुपारी दुसऱ्या. तयारी, पेपर तपासणं याचे वेगळे पैसे सहसा नाहीत. फुल-टाइमवाल्यांचा पगार बरा, पण अनेकांचे करार ठरावीक वर्षांचे.

एप्रिल २०१३ पासून तिथे नवा नियम लागू झाला. एकाच ठिकाणी करारावर ५ वर्षांहून जास्त काम झालं, की बेमुदत करार मागायचा हक्क. झकास ना? पण काही विद्यापीठांनी करार ५ वर्षांतच संपवायची अट घातली. मग २०१४ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधक-शिक्षकांसाठी हीच मुदत १० वर्षांची झाली!

हे वाचताना मला आपले तासिका तत्त्वावरचे सर आठवले. लेक्चर संपलं की बाइकला किक मारून दुसऱ्या कॉलेजात. आपण मास बंक करून कॅन्टीनमध्ये बसतो, तेव्हा त्यांचा तो तास पगारात धरतात का, हे आपण कधी विचारलंय?

शिकवणं तासाच्या भावाने विकत घेतलं, तर चांगला शिक्षक टिकणार कसा? टोकियोत काय नि आपल्याकडे काय!