परिचारिकेचे शिक्षण पदवीपाशी थांबू नये

लकडगंजच्या लाकूडबाजाराभोवतालच्या वस्तीतील मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करते. चार वर्षांनी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी हाती आली की शिक्षण संपले, असे घरचे मानतात. हा समज घातक आहे. औषधे बदलतात, यंत्रे बदलतात. परिचारिकेचे ज्ञान जुनेच राहिले, तर त्याची झळ रुग्णाला पोहोचते. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत 150 तासांचे निरंतर शिक्षण ठरविले; म्हणजे वर्षाकाठी अवघे 30 तास. परंतु रात्रपाळी उरकून, सुटी मोडून पेंगुळल्या डोळ्यांनी वर्गात बसल्यास पदरी केवळ प्रमाणपत्र पडते. हे तास कामाच्या वेळेतच धरण्याचे दायित्व रुग्णालयांनी स्वीकारले पाहिजे. परिचारिकेला ‘सेवामूर्ती’ म्हणून गौरविणाऱ्या समाजाने तिच्या शिकण्याच्या वेळेसाठीही आग्रह धरावयास हवा.