मेदोरोगाच्या शस्त्रक्रियेनंतर : पश्चात्कर्म कोणाचे?

स्थौल्य हा विषय आपल्या संहितांना नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुषांचे वर्णन करून त्यांतही अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विशेष विचार केला आहे. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदपणा, मैथुनातील कष्ट, दौर्बल्य, दुर्गंध, अतिस्वेद, अतिक्षुधा व अतितृष्णा हे अतिस्थूलाचे आठ दोष आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आहेत. मात्र आज आपल्या चिकित्सालयात एक असा रुग्ण येऊ लागला आहे, जो कालपर्यंत अतिस्थूल होता आणि आज शस्त्रकर्मामुळे अतिकृशाच्या वाटेवर आहे. शरीर अजून भरलेले दिसते, पण आत धातुक्षय सुरू झालेला असतो. अशा रुग्णाकडे आपण मेदोरोगी म्हणूनच पाहत राहतो आणि तेथेच चूक होते. ती चूक माझ्या हातून घडली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी वसईजवळील सांडोर येथे व्यवसाय करतो. केळीच्या व भाजीच्या वाड्या, फुलशेती आणि वसई रोड स्थानकावरून मुंबईला नोकरीसाठी जाणारी माणसे असा हा परिसर. वीस वर्षांपूर्वी येथे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा शब्दही कोणी उच्चारत नसे. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला. २०१९ साली आमच्या वसईतीलच एका महिलेचे वजन सुमारे तीनशे किलोवरून शंभराच्या आत आल्याचे वृत्त देशभर छापून आले. दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाल्या व मध्ये काही वर्षे गेली, हा त्या वृत्तातील तपशील फार थोड्यांच्या लक्षात राहिला. लोकांना आकडा लक्षात राहतो, मधली वर्षे लक्षात राहत नाहीत.

माझ्याकडे आलेली रुग्णा पंचेचाळीशीच्या आसपासची. मुंबईत जठराला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झाले होते. वजन चाळीस किलोंनी उतरले होते, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या होत्या, गुडघे पुन्हा चालू लागले होते. तक्रार होती ती केस गळण्याची, थकव्याची आणि तळपायांना मुंग्या येण्याची. ‘‘डॉक्टर, आता वजन उतरलं, मग त्या इंग्रजी गोळ्या कशाला? मी बंद केल्या,’’ असे ती म्हणाली. मी मान डोलावली. पांडुता दिसत होती म्हणून लोहासव दिले, राहिलेला मेद उतरावा म्हणून त्रिफळा व गुग्गुळाचा कल्प दिला आणि सायंकाळी केवळ पेज घेण्यास सांगितले. आठवड्याने ती सांगू लागली की, आसव घेतल्यावर अर्ध्या तासात छातीत धडधडते, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. मी ते पित्ताचे लक्षण मानले व मात्रा कमी केली. तीन महिन्यांनी ती भिंतीला धरून चालत आली. तपासणीत जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. चाल सुधारली, पण पायांचा बधिरपणा आजही पूर्ण गेलेला नाही. बंद केलेल्या गोळ्या कोणत्या होत्या, हा एक प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता, तर हे टळले असते.

या शस्त्रकर्मात नेमके काय घडते, हे आपण समजून घेतले पाहिजे. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव निर्माण करणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूक मंदावते. बायपास प्रकारात जठराची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लघ्वंत्राला जोडतात. अन्न ग्रहणीच्या प्रारंभीच्या भागाला टाळून पुढे जाते. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः तेथेच होते. बी-१२ च्या शोषणासाठी लागणारा घटक जठरभित्तीतून स्रवतो, तोही अन्नाला पुरेसा भेटत नाही. म्हणजे आपल्या परिभाषेत सांगायचे तर आमाशय व ग्रहणी या अग्नीच्या अधिष्ठानांचीच रचना बदललेली असते. येथे दीपन-पाचनाने गेलेले शोषण परत येणार नाही.

अनेक वैद्यबंधूंना या शस्त्रक्रियेनंतरचा आहारक्रम पाहून संसर्जनक्रमाची आठवण होते. प्रथम पातळ द्रव, मग दाट द्रव, मग घोटलेले अन्न, मग मऊ व शेवटी घन, असे सहा ते आठ आठवडे चालते. पेया, विलेपी, यूष, मांसरस हा आपला क्रम त्याच्याशी जुळतो, यात संशय नाही. परंतु दोन भेद ध्यानात घ्यावेत. पहिला भेद असा की, प्रधान शुद्धीनंतर बारा अन्नकालांनी, सात दिवसांत, रुग्ण प्रकृत आहारावर येतो, कारण अग्नी पूर्ववत झालेला असतो. येथे तो पूर्ववत होणार नाही. आहाराची मात्रा, सावकाश चावणे, जेवताना पाणी न पिणे आणि पूरक औषधे हे सर्व जन्मभर चालणार आहे. दुसरा भेद असा की, पेयेत प्रथिने नगण्य असतात. या रुग्णाला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. वाटीवाटीने मोजले, तर केवळ पेज व वरणभात खाणारा माणूस किती मागे पडतो, हे कोणालाही कळेल. अतिस्थूलाला गुरु व अपतर्पण आणि कृशाला लघु व संतर्पण आहार द्यावा, असा आचार्यांचा दंडक आहे. आपला हा रुग्ण दुसऱ्या दंडकात बसतो. मुगाचे दाट यूष, मांसरसासोबत शिजवून घोटलेले मांस, ताज्या बोंबलासारखा मऊ मासा, अंडे, दही, पनीर हे त्याचे अन्न. आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तर भात, असा क्रम त्याला सांगावा.

आमच्या भागात उपवासाचा प्रश्नही येतो. श्रावण असो की ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती घरच्यांबरोबर उपवास धरते. एरवी स्थूल रुग्णाला लंघनाचे आपण कौतुक करतो. येथे मात्र साबुदाणा व बटाटा खाऊन काढलेला दिवस हा मांसधातूच्या क्षयाचा दिवस होय. उलट लग्नसराईत ‘थोडं तरी घे’ असा आग्रह होतो आणि गोडाच्या दोन घासांनी ती व्यक्ती घामाघूम होऊन बसते. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्याने होणारा हा उपद्रव आहे. माझ्या रुग्णेला गूळ-मधयुक्त आसवाने हेच झाले होते.

चिकित्सकाने प्रत्यक्ष काय करावे, याविषयी माझे म्हणणे असे आहे. मेदोरोगाचा किंवा पांडूचा केसपेपर लिहिताना ‘पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली आहे?’ हा प्रश्न अनिवार्य करावा. शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा प्रकार व दिनांक लिहून घ्यावा. अशा रुग्णाला लेखन बस्ती, विरेचन, तीक्ष्ण गुग्गुळ कल्प व दीर्घ लंघन देऊ नये. लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व व थायमिन या पूरक औषधांना पर्याय म्हणून आपला कोणताही कल्प देऊ नये. सोबत द्यावयाचा असल्यास वेळेचे अंतर ठेवावे, कारण त्रिफळेसारखी कषाय द्रव्ये लोहाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. लोह व कॅल्शियमही एकमेकांपासून किमान दोन तासांनी द्यावे लागतात. रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी व नंतर वर्षातून एकदा झाल्या की नाही, हे आपण विचारावे. प्रसूतीच्या वयातील स्त्रीला पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याची सूचना मिळाली आहे ना, हेही पाहावे. वजन उतरल्यावर वंध्यत्व दूर होऊन गर्भ अनपेक्षितपणे राहू शकतो.

चार प्रसंगी मात्र औषधाचा विचारही न करता रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नाडी सतत १२० च्या वर असेल, तर ज्वर वा वेदना नसली तरी जोड गळत असल्याची शंका घ्यावी. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासाठी ही साधी गणना फार मोलाची आहे. बायपास झालेल्या रुग्णाला, वर्षे उलटल्यावरही, अकस्मात तीव्र उदरशूल झाल्यास आतडे आत अडकलेले असू शकते. तेथे हिंग्वष्टक किंवा बस्ती देत बसू नये. काळी मलप्रवृत्ती किंवा रक्ताची उलटी झाल्यास जोडावरील व्रणाचा विचार करावा. अशा रुग्णाला अंगदुखीच्या वेदनाशामक गोळ्या याच कारणाने वर्ज्य असतात. चौथा प्रसंग सतत होणाऱ्या छर्दीचा. त्यात थायमिन झपाट्याने संपते. आपल्यापैकी अनेकजण ग्रामीण भागात सलाईन लावतात. थायमिन न देता केवळ ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही नम्रपणे काही सांगावयाचे आहे. वजन घटविण्याची चूर्णे व वटी आपल्या दुकानांतून विना चिठ्ठी जातात. शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावले किंवा दोन-तीन वर्षांनी थोडे परत वाढू लागले की, घाबरलेला रुग्ण प्रथम आपल्याच काउंटरवर येतो. त्यास एक प्रश्न विचारून वैद्याकडे पाठविणे हे आपल्या हातात आहे. आसव-अरिष्टांच्या बाटलीवर स्वनिर्मित अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, ते बहुधा पाच ते दहा टक्के. बायपासनंतर मद्यांश रक्तात लवकर व अधिक चढतो, ही गोष्ट विक्रेत्यास ठाऊक असावी. शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे. ‘हमखास वजन घटवा’ असा फलक लावणे हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, हे विसरू नये.

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात की, आमाशय कापणे हीच मुळात अविचारी चिकित्सा आहे आणि तिच्या दुष्परिणामांची उस्तवार आपण का करावी? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. निदान, आहार व व्यायाम यांच्या साहाय्याने स्थौल्य आटोक्यात राहील अशा रुग्णाला शस्त्रकर्मापासून दूर ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. शंभर रुग्णांपैकी बहुतेकांना त्याची गरज नसते. परंतु अतिस्थौल्यासह मधुमेह, श्वासावरोध व हृद्रोग असलेल्यांना त्यामुळे आयुष्य लाभते. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या स्थूल व्यक्तींच्या दीर्घकालीन तुलनेत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. हे नाकारणे शास्त्रनिष्ठेला धरून नाही. ज्या सुश्रुतांचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांनी बद्धगुद व परिस्रावी उदरात पोट उघडून आंत्रावर कर्म करण्यास सांगितले आहे. शस्त्राचे आपणास वावडे असण्याचे कारण नाही.

त्याच सुश्रुतांनी कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले आणि व्रणितोपासनीय हा स्वतंत्र अध्याय रुग्णाच्या शुश्रूषेसाठी दिला. या शस्त्रक्रियेचे प्रधानकर्म मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात काही तासांत आटोपते. पश्चात्कर्म मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे सांडोरसारख्या गावात, रुग्णाच्या स्वयंपाकघरात चालते. पहिल्या वर्षानंतर रुग्ण शहरात तपासणीला जाणे सोडतो. गाडीभाडे, रजा, तपासण्यांचा खर्च आणि ‘आता मी बरा आहे’ ही समजूत, अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्या काळात त्याच्या सर्वांत जवळ असतो तो आपल्यासारखा वैद्य. आपण त्याला गोळ्या बंद करण्यास मूक संमती द्यायची की त्या चालू आहेत ना हे दर भेटीत विचारायचे, एवढाच प्रश्न आहे.

माझी ती रुग्णा आता दर महिन्याला बी-१२ चे इंजेक्शन घेण्यासाठी माझ्याच चिकित्सालयात येते. तिची वही मी ठेवली आहे. वजन, घेतलेली पूरक औषधे, तपासण्यांचे दिनांक एवढेच तीत असते. अशी एक वही प्रत्येक वैद्याने आपल्या टेबलावर ठेवावी, अशी माझी सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे.

इत्यलम्.