‘पहिली स्त्री डॉक्टर कोण?’ हा प्रश्नच अपुरा आहे

आनंदीबाई जोशी, कादंबिनी गांगुली की रखमाबाई, हा वाद समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा रंगतो. पहिल्या दोघी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचे मात्र व्यवसायास आरंभ करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये निधन झाले. म्हणून मग रखमाबाईंचे नाव पुढे केले जाते. या क्रमवारीच्या हौसेत मूळ गोष्ट हरवते. कोण आधी पोहोचले, यापेक्षा वाट कुठे कुठे अडवली होती, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. तेथे स्त्रियांना प्रवेश मिळाला १८८३ मध्ये; त्याच वर्षी आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या!

पण प्रवेश हा पहिलाच अडथळा. खरी मेख परवान्यात होती. एडिथ पेची एडिनबरो विद्यापीठात शिकल्या, परंतु विद्यापीठाने पदवी नाकारली. अखेर १८७७ मध्ये बर्नची एम.डी. आणि डब्लिनचा परवाना, असा वळसा त्यांना घ्यावा लागला. पुढे त्या मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली.

याच पेचींचा आधार रखमाबाईंना लाभला. बालपणी झालेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंना मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुनावले : पतीकडे नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कारावास. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, तेव्हा कुठे १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल होऊ शकल्या.

तेथेही तोच खेळ. शिक्षण लंडनमध्ये, परंतु तेथील वैद्य आणि शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा स्त्रियांना बंद. त्यामुळे परवाना स्कॉटलंडमधून आणि एम.डी. ब्रुसेल्सची. पेचींनंतर जवळपास दोन दशके उलटली होती, तरी वळसा चुकला नव्हता.

चरित्रांतून या परीक्षांचा उल्लेख बहुधा नावापुढील अक्षरांपुरता येतो. वास्तविक त्या अक्षरांवरच पुढचे सारे अवलंबून होते : नोंदणी, रुग्णालयातील नेमणूक, वेतन. रखमाबाईंनी सुरत आणि नंतर राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली, ती याच परवान्याच्या बळावर.