वॉट मोठे की कान मोठे?



सांगा बरं, घरातल्या होम थिएटरचा राग तुम्हाला सगळ्यात जास्त केव्हा येतो? सिनेमात मोटारी एकमेकींवर आपटल्या की कपाटातल्या बरण्या थरथरतात. खालच्या मजल्यावरचे काका वैतागतात. आणि दुसऱ्याच क्षणी नायक आपल्या आईशी हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोलतो, ते मात्र कुणालाच कळत नाही! आजी विचारते, "काय म्हणाला रे तो?" तुम्ही आवाज वाढवता, तेवढ्यात पुन्हा धडामधूम! स्वयंपाकघरातून आई ओरडते. असं तीन-चार वेळा झालं की आजी मुकाट्याने उठून आत जाते आणि तुम्ही बाबांच्या मागे लागता, "बाबा, हा संच जुना झाला. नवा घेऊ या ना!"

आता पैसे काय झाडाला लागतात? समजा, बाबांनी मोठ्या मुश्किलीने वीस हजार रुपये बाजूला काढले. दुकानात गेलात, तर समोर चकचकीत खोकं आणि त्यावर ठळक अक्षरांत '१००० वॉट'. आपला घरचा तर बिचारा ५० वॉटचा. म्हणजे हा वीसपट चांगला, हो ना?

थांबा! खिशात हात घालण्याआधी थोडं गणित करू.

वॉट म्हणजे शक्तीचं माप. कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजतात डेसिबलमध्ये, आणि आपला कान मोठा हुशार आहे बरं का! वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे ५० वॉटच्या जागी १०० वॉट आणले, तर 'हं, थोडा मोठा झाला खरा' एवढंच आपण म्हणू. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. त्यातून खोक्यावरचा आकडा हा पुष्कळदा सगळ्या स्पीकरांची बेरीज असतो, किंवा क्षणभरच मिळणाऱ्या शक्तीचा असतो. म्हणून 'आरएमएस' असं लिहिलेला आकडा शोधा आणि तो एका स्पीकरसाठी आहे की सगळ्यांसाठी, हे दुकानदारकाकांना विचाराच.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, तो बारीक अक्षरांत. त्याला म्हणतात सेन्सिटिव्हिटी. १ वॉट दिला, तर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते त्यातून कळतं. एका स्पीकरचा आकडा आहे ८६ आणि दुसऱ्याचा ८९. फरक फक्त ३ चा! पण आत्ताच काय शिकलो? ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वॉट. म्हणजे पहिला स्पीकर १०० वॉट खाऊन जेवढा आवाज देईल, तेवढा दुसरा ५० वॉटमध्येच देईल. पाहिलंत? चांगला स्पीकर आणला की जुन्याच रिसीव्हरची ताकद जणू दुप्पट झाली!

पण मुळात आपल्या आजीचं दुखणं वॉटचं आहे का? 'पान' आणि 'तान', 'साप' आणि 'चाप' हे शब्द म्हणून पाहा. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. ही व्यंजनं म्हणजे बहुतेक उंच, बारीक आवाज असतात. वय वाढलं की कान आधी हेच बारीक आवाज सोडून देतो. म्हणून आजीला 'कुणीतरी बोलतंय' हे ऐकू येतं, पण 'काय बोलतंय' ते कळत नाही. तिला मोठा आवाज नको आहे, स्वच्छ आवाज हवा आहे.

५.१ च्या संचात समोर तीन, बाजूला किंवा मागे दोन असे पाच स्पीकर असतात, आणि तो '.१' म्हणजे खर्जाचा सबवूफर. बहुतेक सगळे संवाद येतात ते समोरच्या मधल्या स्पीकरमधून. आता उठा आणि तुमच्या घरात तो कुठे आहे ते पाहून या. टीव्हीखालच्या फळीवर, आत ढकललेला आणि तोंड तुमच्या गुडघ्यांकडे? मग आजीने काय करावं?

तर मग पहिली फेरी बिनपैशांची.

मधला स्पीकर फळीच्या अगदी कडेला आणा. त्याच्या पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा ठेवून त्याचं तोंड आजीच्या कानाकडे करा. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, समोर असेल त्यालाच नीट पोचतात. मग रिसीव्हरच्या मेनूत जाऊन मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. 'नाइट मोड' असेल तर तोही लावून पाहा. त्याने धडामधूम खाली येतं आणि कुजबुज वर येते. मधला स्पीकर अगदीच फाटका असेल, तर मेनूत तो बंद करा. संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये सारखे वाटले जातात आणि मध्ये बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात.

पुढचं काम मोठ्या माणसांना बरोबर घेऊन करायचं. आधी प्लग काढायचा, हे विसरू नका. स्पीकरच्या मागे लाल आणि काळी अशी दोन टोकं असतात. रिसीव्हरची लाल ती स्पीकरच्या लालला, काळी काळीला. एकाच स्पीकरची तार उलटी जोडली गेली, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज गायब होतो. पुष्कळ घरांत 'बिघडलेला' संच एवढ्यानेच सुधारतो! रिसीव्हरचं झाकण मात्र उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते.

आता खोलीकडे वळू या. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलं. पण तिथे उच्चारलेला शब्द साधारण साडेपाच सेकंद घुमत राही. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा शब्द त्यावर आदळत! वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकावर हे कोडं सोडवायची जबाबदारी आली. त्याने काय केलं असेल? शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणल्या! रात्री सगळं शांत झालं की तो आणि त्याचे मदतनीस गाद्या मांडत, ऑर्गनची नळी वाजवत, आणि तिचा आवाज किती वेळ घुमतो ते मोजत. सकाळी गाद्या पुन्हा जागेवर! गाद्या वाढल्या की घुमणं कमी होतं, याचा नेमका हिशेब त्याने मांडला. पुढे १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल त्याच हिशेबाच्या मदतीने बांधलं गेलं.

तुमच्या दिवाणखान्यात फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि पडदे झिरझिरीत असतील, तर मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असा शेपटीचा आवाज आला ना? मग स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये सतरंजी अंथरा आणि खिडकीला जाड पडदा लावा. पुन्हा टाळी वाजवा. हे काम कोणताही नवा रिसीव्हर करू शकत नाही!

सबवूफरची गंमत तर आणखी मोठी. सेकंदाला ४० कंपनं असलेल्या खर्जाच्या लाटेची लांबी असते तब्बल साडेआठ मीटर. तुमच्या खोलीपेक्षाही मोठी! म्हणून खोलीत एका जागी खर्ज घुमतो, तर दुसऱ्या जागी नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवला तर तो जास्तच घुमतो. मग सबवूफर ठेवायचा कुठे? तो चक्क आजीच्या खुर्चीच्या जागी ठेवा, खर्जाचं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐका. जिथे खर्ज नीट, गोळीबंद ऐकू येईल, तिथे सबवूफर न्या. घरातले हसतील, हसू द्या!

दुसरी फेरी थोड्या पैशांची. स्पीकरच्या पडद्याला बाहेरून एक मऊ कडं असतं. ते फोमचं असेल, तर काही वर्षांनी त्याचा भुगा होतो आणि आवाज फरफरतो. पण आतलं लोहचुंबक बहुधा ठणठणीत असतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली, अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चौकशी करा. नुसतं कडं बदलून काम होत असेल, तर अख्खा स्पीकर कशाला फेकायचा?

एवढं करूनही आजी "काय म्हणाला रे?" म्हणालीच, तर मात्र तिसरी फेरी, म्हणजे खरेदी. इथे क्रम महत्त्वाचा. आधी समोरचे तीन स्पीकर, शक्यतो एकाच मालिकेतले, म्हणजे माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेला तरी त्याचा आवाज बदलणार नाही. वीस हजारांत तीन बसत नसतील, तर दोनच चांगले घ्या. पाच सुमार स्पीकरांपेक्षा दोन चांगले केव्हाही बरे. मागचे जुनेच राहू द्या, त्यांना काम कमी असतं. नंतर सबवूफर. आणि रिसीव्हर सगळ्यात शेवटी.

असं का? चांगला स्पीकर नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं तसाच वाजतो. रिसीव्हरच्या पोटात मात्र नवनव्या तंत्रांचे आणि जोडण्यांचे भाग असतात, ते लवकर जुने होतात. जुन्या रिसीव्हरला नव्या टीव्हीचं चित्र झेपत नसेल, तर चित्र थेट टीव्हीला द्या आणि टीव्हीतून फक्त आवाज ऑप्टिकल तारेने रिसीव्हरकडे आणा. ही सोय दोन्हीकडे आहे ना, एवढं पाहा. रिसीव्हरचा एखादा स्पीकर-मार्ग मुका झाला असेल, तरच त्याच्यावर पैसे घाला. नवे स्पीकर घेताना 'ओहम'चा आकडाही बघा. रिसीव्हरवर ६ ते ८ ओहम लिहिलं असेल आणि तुम्ही ४ ओहमचे स्पीकर जोडलेत, तर तो तापून बंद पडू शकतो.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. स्पीकर बदलता येतो, कान नाही!

आता या आठवड्याचा उद्योग. एका सिनेमातला हळू संवादाचा दोन मिनिटांचा प्रसंग निवडा. आजीला तिच्या खुर्चीत बसवा आणि तिला न कळलेले शब्द वहीत मोजा. मग एका वेळी एकच बदल करा, तोच प्रसंग लावा, पुन्हा मोजा. रोज तोच प्रसंग नको हं, आजीचा तो पाठ होईल आणि तुमचा प्रयोग फसेल! आठवडा संपला की ती वही बाबांपुढे ठेवा. वीस हजारांतले किती खर्चायचे आणि कशावर, ते त्या वहीतच लिहिलेलं असेल. आजी काय म्हणाली, ते आम्हाला जरूर कळवा.