नाव हाताचे, काम यंत्राचे

लखनौजवळचे मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील खेड्यांत चिकनकारी ही भरतकामाची कलाही नांदते. लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापायची, त्यावर टेपची, बखिया, मुर्री, फंदा असे टाके घालायचे आणि शेवटी कापड धुऊन छापाचा रंग घालवायचा, अशी तिची रीत आहे. टाके घालणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असून त्या हे काम घरी बसून करतात.

आज संगणकावर चालणारी यंत्रेही तशीच नक्षी भरतात. हाताला कित्येक दिवस लागणारे काम ती थोड्या वेळात उरकतात. म्हणून यंत्र हे कलेचे शत्रू आहे, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्ड याने छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांवर चालणारा माग तयार केला. त्यामुळे नक्षीदार कापड विणणे सोपे झाले. स्वस्त आणि सुंदर कापड हवेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे.

दोष यंत्रात नाही. तो खोट्या नावात आहे. यंत्रावरचे कापड हातचे म्हणून विकले, तर गिऱ्हाईक फसतेच; पण त्याहून मोठे नुकसान कारागीर स्त्रीचे होते. तिच्या श्रमाचे मोल यंत्राच्या दराने ठरू लागते. आपल्या येवल्याच्या पैठणीपुढेही हेच संकट आहे.

लखनौच्या चिकनकारीला २००८ साली आणि पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि कायदा प्रत्येक दुकानात येऊन उभा राहत नाही. तेथे आपलीच नजर हवी. कापड उलटून पाहावे. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे असतात. हाताच्या टाक्यात सुईतला एकच. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे असतात.

यंत्राचे काम यंत्राचे म्हणून खुशाल विकावे. हाताचे काम मात्र हाताच्या नावाने आणि हाताच्या मोलाने विकले जावे. दुसऱ्या आंब्याला दशहरी म्हटलेले आपण खपवून घेत नाही. मग कारागिराच्या बाबतीतच गप्प का राहावे?