जुनी गाडी, नवे हृदय

गौलीगुड्यात वाढलेल्या माझ्या पिढीला धुराची ओळख करून द्यावी लागत नाही. १९३२ साली निजामाच्या रस्ते वाहतूक खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे तिची वर्दळ येथील पत्र्याच्या प्रचंड हँगरखाली चाले. तो हँगर जुलै २०१८ मध्ये कोसळला. धूर मात्र राहिला. त्यात माझाही वाटा आहे, हे प्रारंभीच कबूल करतो. वडिलांची १९६८ची फियाट मी अद्याप चालवितो.

काही काळापूर्वी कोठीतील आमच्या मिस्त्रींनी सुचविले, "डॉक्टरसाब, एस्टीम का इंजन डाल देते." सूचना मोलाची होती. प्रदूषण तपासणीत जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. भारत स्टेज २ व ३च्या मोटारीला ०.५ टक्के, तर स्टेज ४ला ०.३ टक्के. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको. म्हणजे माझी गाडी सहापट विषारी असूनही प्रमाणपत्रास पात्र!

परंतु स्वच्छ इंजिन बसविले की मी गुन्हेगार ठरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. गंमत अशी, की तेच कलम मान्यताप्राप्त संच बसवून गाडी सीएनजी, एलपीजी वा बॅटरीवर चालविण्यास वाट ठेवते. इंधन बदलण्यास मुभा, पण त्याच पेट्रोलवर चालणारे अधिक स्वच्छ इंजिन बसविण्यास नाही. या भेदामागील तर्क मला उमगलेला नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. तिची पहिलीच अट अशी, की सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीने प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यावे. हा नियम मला मान्य आहे. चौमहल्ल्यातील सिल्व्हर घोस्टच्या पोटात कोणी नवे इंजिन कोंबले, तर निषेध करणाऱ्यांत मी पहिला असेन. पण माझी फियाट संग्रहालयातील वस्तू नव्हे. ती रुग्ण पाहावयास जाते.

कॅलिफोर्नियासारख्या, धुराबाबत अत्यंत कडक असलेल्या राज्याने यावर सुज्ञ तोडगा काढला आहे. तेथे बसविलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे हवे, आणि ते आपल्या साऱ्या प्रदूषणरोधक साधनांसह आले पाहिजे. उत्प्रेरक, प्राणवायूचा संवेदक, बाष्प अडविणारी कुपी, काहीही मागे ठेवून चालत नाही. मग सरकारमान्य पंच ते तपासतो. प्रत्यारोपणात आपण केवळ मूत्रपिंड ठेवून पोट शिवत नाही. रोहिणी, नीला, मूत्रवाहिनी सारे जोडतो. आपल्याकडील चोरटी प्रत्यारोपणे मात्र बहुधा उत्प्रेरकाविना होतात, कारण नियमच नसल्याने तपासणारा कोणी नाही. नवे इंजिनही मग जुन्याइतकेच घाण सोडते.

आक्षेप ठाऊक आहेत. चोरीची इंजिने अशा वाटेने खपतील, हा त्यांतील खरा. पण इंजिन क्रमांकाची पडताळणी परिवहन कार्यालय आजही करते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या ड्रम ब्रेकवर दुप्पट शक्तीचे इंजिन लादणे म्हणजे अपघातास आमंत्रण. म्हणून ब्रेक व चासीची तपासणी सक्तीची करावी, आणि धुराची मर्यादा गाडीच्या सालानुसार नव्हे तर इंजिनाच्या सालानुसार लावावी. या मर्यादेत नापास होणारी गाडी रस्त्यावर येऊ नये, माझीसुद्धा.

तूर्त मूळ इंजिन जागेवरच आहे. मिस्त्री दर महिन्यास कार्बोरेटर साफ करतात, प्रमाणपत्र काचेवर लावलेले आहे, आणि पुतलीबावलीच्या चढाला गिअर बदलताना मी आरशात पाहतो, तेव्हा मागचा स्कूटरस्वार नाकाला रुमाल लावीत असतो.