जामीनदार कोण?

माझी भाची पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. वारज्याला एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत एकटी राहते. गेल्या महिन्यात ती घरी आली, चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलली आणि मग पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला. "मामा, तू इतकी वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासलीस. आता माझं एक तपास. मला कुत्रा पाळायचाय. लहानसाच."

कागदावर खर्चाचा अंदाज होता. खाणे, लसी, दरवर्षीचे रेबीजचे इंजेक्शन, महापालिकेचा परवाना, गळपट्टा आणि गादीसुद्धा. बेरीज बरोबर होती आणि तिच्या पगारात बसतही होती. बँकेत असतो तर एवढ्यावर शिफारस लिहून मोकळा झालो असतो. पण एक रकाना त्या कागदावर नव्हताच, तासांचा.

"पाळी किती तासांची तुझी?"

"बाराची. चार्ज द्यायला-घ्यायला आणखी अर्धा तास."

जाणे-येणे धरले की घराला कुलूप चौदा तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते. दिवसातून तीन-चारदा खायला द्यावे लागते. मोठा झालेला कुत्रासुद्धा सहा-आठ तासांपलीकडे कळ काढतो ती नाइलाजाने. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अरे, पण पग घेणार आहे मी. एवढासा तर असतो!"

खरी गफलत या 'एवढासा' शब्दात आहे. लहान कुत्र्याला जागा कमी लागते, अन्न कमी लागते. सोबत मात्र कमी लागत नाही. उलट लहान जातीचे कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगतात, म्हणजे मुदत लांबच. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे पग धावला आणि घरोघरी पग हवासा झाला. चपट्या नाकामुळे त्याला आपल्या उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही, हे अनेकांना तो घरी आणल्यावर कळले. शिवाय जाहिरातीतला मुलगा दिवसभर कुत्र्याबरोबर भटकायला मोकळा होता, त्याला बारा तासांची ड्यूटी नव्हती!

भाचीची गोष्ट एकटीची असती तर ती घरातच ठेवली असती. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तास करण्याला मंजुरी दिली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. आठवड्याच्या ४८ तासांना हात लावलेला नाही, असे यावर सांगितले जाते आणि ते खोटे नाही. बारा चोक अठ्ठेचाळीस. चार दिवस राबा, तीन दिवस घरी बसा. गणित म्हणून निर्दोष आहे. भाचीच्या रुग्णालयात बारा तासांची पाळी आधीपासूनच आहे आणि सलग सुट्ट्यांमुळे ती तिला आवडतेही.

अडचण एवढीच, की कायदा आठवड्याचा हिशेब मांडतो आणि कुत्रा दिवसाचा. सोमवारी राहिलेला फेरफटका शुक्रवारी व्याजासह दिला, तरी त्याच्या खात्यात तो जमा होत नाही. (तान्ह्या मुलाचे आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचेही असेच असते, पण त्यांच्याविषयी निदान कोणी तरी बोलते.)

मग पूर्वी लोक कुत्रे पाळत कसे, असा प्रश्न कोणी विचारील. सांगलीला आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडे होती आणि माझा 'मोती' होता. माझा म्हणायचे, कारण रस्त्यावरून त्याला मी उचलून आणले होते. बँकेत लागलो, बदली झाली आणि सहा महिन्यांनी सुटीवर आलो, तेव्हा मोती शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर पसरलेला होता. मला पाहून त्याने शेपूट हलवली. उठला मात्र नाही. मला फार लागले ते. काकू त्याला दोन वेळा भाकरी घालत होत्या, तो आजारी पडला तेव्हा आईने त्याला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेले होते. यातले मला कोणीच कळवले नव्हते, कारण कळवण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. कर्जदार मी होतो, हप्ते वाडा भरत होता.

आज वाडे गेले. कुत्र्यांची पाळणाघरे निघाली आहेत, तासावर फिरवून आणणारी मुले मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी जरूर ती सोय घ्यावी. मी तिला हिणवणार नाही. भाचीच्या कागदात ती रक्कम घातली, तेव्हा मात्र बेरीज पगाराबाहेर गेली.

सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपला आधीचा आदेश बदलला, त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला. त्या गदारोळात एक कलम फारसे कोणी वाचले नाही. प्राणिप्रेमींना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येतील. पण घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला ते वाचून बरे वाटले. कोणी तरी अखेर जामीन मागितला होता!

हे सगळे ऐकून घेतल्यावर भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पग नको. पिल्लूही नको. आमच्या गल्लीत एक तीन-चार वर्षांची कुत्री आहे, शांत आहे, तिची नसबंदीही झालीय. रात्री घरी आलं की दाराशी कोणीतरी असावं, एवढंच रे." आणि कागदाच्या तळाशी तिने चार तारखा लिहिल्या, महिन्याच्या नव्हे, त्याच आठवड्यातल्या. समोर लिहिले, 'दुपार – मामा'.

जामीनदार होण्याआधी कागद दोनदा वाचा, असे मी काउंटरपलीकडच्या शेकडो लोकांना बजावले आहे. माझे गुडघे दुखतात. दुपारी लिहायला बसायची माझी वेळ. बायको म्हणते, लिहितोस कुठे, झोपतोसच.

अजून होकार दिलेला नाही. काल दुपारी बारा वाजता रिक्षा करून कोथरूडहून तिच्या दारापर्यंत तेवढा जाऊन आलो. जाताना सतरा मिनिटे लागली, येताना सव्वीस.